पाण्याच्या मीटरचा रीडर दिवसभर नेमकं काय करतो?

प्रश्न असा आला आहे: धाकट्या भावाला एका महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कंत्राटदारामार्फत मीटर रीडरचं काम मिळतंय. ‘नुसते आकडे टिपायचे, डोक्याला ताप नाही’ असं त्याला सांगितलंय. हे कितपत खरं? आणि स्वयंचलित मीटर आले की हे काम राहील का?

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेत बरीच वर्षं रीडर होतो, पुढे निरीक्षक म्हणून इतरांची रीडिंगं तपासली. थोडक्यात सांगायचं तर आकडा टिपायला अर्धा मिनिट लागतो. मीटर सापडायला, त्याच्यापर्यंत पोचायला आणि वाचलेला आकडा पटण्यासारखा आहे का हे बघायला उरलेला दिवस जातो. त्या उरलेल्या दिवसाबद्दल भावाला कुणी काही सांगितलेलं दिसत नाही.

महावितरणसाठी वीजमीटर वाचणारी मुलं आमच्याकडे येतात तेव्हा पहिल्या आठवड्यातच वैतागतात. विजेचा मीटर भिंतीवर, डोळ्यांसमोर, कोरडा असतो. पाण्याचा मीटर जमिनीत, चेंबरमध्ये, पायरीखाली, तुळशी वृंदावनाच्या मागे किंवा नव्याने टाकलेल्या पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला. जुन्या गावठाणात तर एकाच बोळात सात जोडण्या आणि सातही मीटर एका ओळीत, कुणाचा कोणता ते फक्त चावीवाल्याला ठाऊक. म्हणून पहिला सल्ला हा, की भाग मिळाल्यावर व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या चावीवाल्याशी ओळख करून घ्यायची. कुठल्या गल्लीला पाणी किती वाजता येतं, कुणाचा मीटर कुठे आहे, कोणत्या घराला दोन जोडण्या आहेत, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. ऑफिसच्या यादीत यातलं अर्धंच सापडतं.

आता मीटर. घरगुती जोडणी बहुधा अर्ध्या इंचाची, म्हणजे १५ मिलिमीटरची. त्यावरचा मीटर भारतीय मानक ७७९ प्रमाणे बनवलेला असतो. आत एक छोटा पंखा असतो, पाण्याच्या धारेने तो फिरतो आणि चुंबकाच्या जोडावरून वरची आकड्यांची चाकं फिरवतो. काळे आकडे घनमीटरचे. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, बहुतेक ठिकाणी त्यालाच एक युनिट म्हणतात. बिल या काळ्या आकड्यांवर निघतं. लाल आकडे किंवा लाल काटे हजार लिटरच्या आतलं मोजतात, शंभर लिटर, दहा लिटर, एक लिटर असे. मधोमध एक चांदणी असते. पाण्याची बारीकशी धार जरी वाहत असली तरी ती फिरते. नवी मुलं तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत, मी मात्र झाकण उघडल्यावर आधी तिच्याकडेच बघतो.

वाचताना एक बारकावा लक्षात ठेवायचा. शेवटचा काळा आकडा बऱ्याचदा अर्धवट फिरलेला असतो, खाली ६ सरकतोय, वर ७ येतोय. काय लिहायचं? लाल काट्याकडे बघा. शंभर लिटरचा काटा ९ वर असेल तर हजार अजून पूर्ण व्हायचे आहेत, म्हणजे ६ च. काटा शून्य ओलांडून १ कडे गेला असेल तर ७. एका युनिटाने काय बिघडतं असं वाटेल. पण ग्राहक स्वतः फोटो काढून ठेवतो आणि पुढच्या वेळी मोबाइल समोर धरून विचारतो, तेव्हा कारण सांगता आलं पाहिजे. आणि मीटर नेहमी बरोबर वरून वाचायचा. तिरकं बघितलं की जाड काचेमुळे ३ चा ८ दिसतो.

पावसाळ्यातला एक साधा मीटर कसा वाचला जातो ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. फाटकापाशी ‘पाणी मीटर!’ अशी हाक द्यायची. आतून ‘थांबा, कुत्रं बांधते’ असं ऐकू येईपर्यंत कडी उघडायची नाही. चेंबरचं लोखंडी झाकण हाताने नाही, लोखंडी हुकाने उचलायचं आणि उचलल्यावर दोन क्षण मागे उभं राहायचं, कारण गांधीलमाश्यांना आणि धामणीला अशी थंड, अंधारी जागा फार आवडते. आत पाणी साचलेलं असतं. जुन्या मगाने ते उपसायचं. गाळ बाजूला झाला की मीटरचं छोटं झाकण दिसतं, ते उघडून दात घासायच्या जुन्या ब्रशने काच घासायची. काचेला आतून दव आलं असेल तर बाहेरून कितीही पुसून उपयोग नाही. मग टॉर्च आडवी धरायची, प्रकाश बाजूने गेला की आकड्यांच्या कडा उठून दिसतात. ०१४८. रीडिंग भरायच्या हातातल्या मशीनमध्ये मागचं रीडिंग दिसतं ०१४३. दोन महिन्यांत पाच युनिट. दारात तीन बायका, दोन शाळकरी मुलं, आतून आजोबांच्या खोकल्याचा आवाज, वर दुसऱ्या मजल्यावर कपडे वाळत घातलेले. इथपर्यंत आकडा वाचून झाला, पण खरं काम आता सुरू झालं.

कारण पाच युनिट म्हणजे पाच हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, महानगरात १५०. पाच माणसांच्या घराला १३५ च्या हिशेबाने दिवसाला ६७५ लिटर लागतात, म्हणजे महिन्याला साधारण वीस युनिट, दोन महिन्यांना चाळीस. प्रत्यक्षात पाणी कमी येत असेल तर तीस होईल, पंचवीस होईल. इथे तर माणसं सहा, त्यांना दोन महिन्यांत पाच होत नाहीत. मग कारण शोधायचं. बोअरवेल आहे का? मीटर मधेच बंद पडला होता का? मीटरच्या आधीच टी टाकून दुसरी लाइन काढली आहे का? की मागच्या रीडरने दारातूनच ‘असेल १४३’ म्हणून ठोकून दिलं होतं? यासाठी पोलिसी चेहरा करायची गरज नसते. ‘काकू, अंगणातला नळ जरा सोडता का?’ एवढं म्हणायचं आणि चांदणीकडे बघायचं. नळ धो धो चालू आणि चांदणी जागची हलत नाही, म्हणजे मीटर बंद. चांदणी फिरते पण त्या धारेच्या मानाने अगदीच रेंगाळत, तर जाळीत कचरा अडकला असेल किंवा आतला पंखा झिजला असेल.

उलट तक्रारीला, म्हणजे ‘मीटर पळतो’ या तक्रारीला, बादलीची परीक्षा पुरते. वीस लिटरच्या पाच बादल्या भरायच्या आणि शंभर लिटरचा काटा बरोबर एक घर सरकला का बघायचं. चांगला मीटर नेहमीच्या धारेला दोन टक्क्यांच्या आत चुकतो, अगदी बारीक धारेला पाच टक्क्यांपर्यंत सूट असते. लोकांसमोर ही परीक्षा केली की निम्मी भांडणं जागीच मिटतात. उरलेल्या निम्म्यांत मीटर चोख असतो आणि पाणी खरोखर वाहून गेलेलं असतं. घरातले सगळे नळ बंद करायला सांगायचे. तरी चांदणी फिरत राहिली तर गळती मीटरच्या पुढे, त्यांच्याच पाइपात आहे. पाच मिनिटांना एक लिटर, इतकी क्षुल्लक गळतीसुद्धा चोवीस तास पाणी असलेल्या भागात दिवसाला २८८ लिटर नेते, महिन्याला साडेआठ युनिट. गच्चीवर टाकी असेल तर ती कशी भरते तेही बघायला सांगा. बॉल कॉक अडकून टाकी उतू जात असते, किंवा संडासातली फ्लशची टाकी दिवसरात्र झिरपत असते आणि तिचा आवाज घरच्यांच्या कानांना इतका सवयीचा झालेला असतो की तो त्यांना ऐकूच येत नाही.

आता एका तक्रारीबद्दल, जिच्यावर ऑफिसात नेहमी हसतात आणि हसू नये असं माझं मत आहे: ‘हवेचं बिल लावता तुम्ही.’ पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर मधल्या काळात पाइप रिकामे होतात. पाणी सोडलं की पुढची हवा आधी बाहेर पडते आणि तिनेही मीटर फिरतो. उंचावरच्या आणि लाइनच्या टोकाच्या घरांत हे जास्त जाणवतं. तेव्हा तक्रार खरी आहे. पण त्याने बिल दुप्पट होतं हे मला तपासण्यांत दिसलेलं नाही. पाणी येण्याआधीपासून नळ उघडा ठेवून बसायची सवय सोडली तरी बराच फरक पडतो. या हवेचा खरा तोटा मीटरला होतो. कोरडा पंखा हवेवर भन्नाट फिरतो, त्यामागून वाळूमिश्रित पाण्याचा दणका बसतो आणि काही वर्षांत मीटर मंदावतो. मंदावलेला मीटर कमीच दाखवतो, म्हणून त्याची तक्रार कुणी करत नाही. तो रीडरलाच हुडकावा लागतो. याच्याच उलटं म्हणजे अगदी बारीक धार. रात्रभर थेंब थेंब पिंपात सोडून ठेवलं तर पंखा हलतच नाही आणि पाणी फुकट मिळतं. ही युक्ती कुठल्याही वाड्यातल्या आजीला माहीत असते.

अवघड आकडे दोन प्रकारचे. मीटर ९९९९ नंतर पुन्हा ०००० वर येतो. मागचं ९९८७ आणि आताचं ००२१ असेल तर वापर ३४ युनिट. मशीन नीट नसेल तर ते उणे दाखवतं किंवा भलतंच बिल काढतं. दुसरा प्रकार म्हणजे आकडा मागच्यापेक्षा थोडा कमी. इथे बहुतेकदा मागचं रीडिंग अंदाजाने ‘पुढचं’ टाकलेलं असतं. क्वचित प्लंबरने मीटर उलटा बसवलेला असतो, मीटरच्या अंगावरच्या बाणाकडे बघितलं की कळतं. बसवताना चुकला की मुद्दाम उलटा केला, हे लगेच ठरवू नका. फोटो काढा, शेरा लिहा आणि वर कळवा.

शेऱ्यांवरून आठवलं. मशीनमध्ये ‘घर बंद’, ‘मीटर बंद’, ‘काच धूसर’, ‘मीटर सापडत नाही’, ‘चेंबर पाण्यात’ असे पर्याय असतात. यातलं काहीही टाकलं की सरासरीवर बिल निघतं. एखाद्या फेरीला ते ठीक. पण सलग तीन-चार बिलं सरासरीने गेली आणि मग एकदाचं खरं रीडिंग आलं की सगळा साचलेला फरक एका बिलात येतो. जिथे जास्त वापराला चढता दर आहे तिथे हा अन्याय दुहेरी होतो. मुंबईत माणशी दिवसाला १५० लिटरच्या वरच्या वापराला असा चढता दर आहे, इतर शहरांतही आपापले टप्पे आहेत. आठ महिन्यांत पसरलेला वापर एका फेरीचा धरला की माणूस वरच्या टप्प्यात जातो आणि न केलेल्या उधळपट्टीचे पैसे भरतो. असं बिल आलं तर वापर तितक्या महिन्यांत विभागून, प्रत्येक महिन्याला त्याचा टप्पा लावून मागायचा. भावाने हे लोकांना दारातच सांगावं. विभागातल्या काही जणांना ते आवडणार नाही, पण बरोबर तेच आहे.

लोकांशी वागणं हा या कामाचा दुसरा भाग. दर ठरवतं महापालिकेचं सभागृह किंवा प्रशासन, पाणी कमी सोडतो दुसराच विभाग, रस्ता खोदून ठेवतो तिसरा आणि दारात सापडतो रीडर. ‘पाणी आठवड्यातून तीनदा आणि बिल मात्र वेळेवर’ हे वाक्य रोज ऐकावं लागेल. त्यावर वाद घालू नये, कारण वाक्य खरं असतं. ऐकून घ्यायचं, आकडा त्यांना दाखवायचा, त्यांच्याच मोबाइलवर फोटो काढायला सांगायचा. घरात एकटी बाई असेल तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, मीटर मागच्या दारी असला तरी शेजारच्यांना हाक मारायची. ओळखपत्र गळ्यात, खिशात नाही. दुपारी दीड ते साडेतीन कुणाची बेल वाजवू नये. आणि पैसे हातात घ्यायचे नाहीत, अगदी ‘बिल भरून टाका ना दादा, मला जमत नाही’ असं एखादी म्हातारी काकुळतीने म्हणाली तरी. पुढचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

चोऱ्या दिसतील. मीटरला चिकटवलेलं चुंबक, मीटरच्या आधी काढलेली लाइन, पाण्याच्या वेळी थेट जोडणीला लावलेला टुल्लू पंप. एका घरात पंप लागला की पुढच्या चार घरांचं पाणी तुटतं, त्यामुळे ही खबर बहुधा शेजारीच देतात. जप्ती करणं रीडरचं काम नाही. फोटो, शेरा, आणि सही-शिक्का असलेल्या माणसाच्या हवाली. एकट्याने हिरोगिरी करणाऱ्या पोरांना मार खाताना पाहिलंय. आणि ‘बघून न बघितल्यासारखं’ करण्याचे पैसे देऊ करणारेही भेटतील. पहिल्या वेळी घेतले की पूर्ण गल्लीला दर कळतो.

तब्येतीचं थोडक्यात. पायाला जखम असेल तर साचलेल्या चेंबरमध्ये हात-पाय घालू नका, उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिस होतो. गमबूट, रबरी हातमोजे आणि साबणाचा तुकडा कंत्राटदार देत नसेल तर स्वतः विकत घ्या. उन्हाळ्यात सकाळी सातला सुरुवात करून अकरापर्यंत मोठा भाग उरकायचा. ज्या गल्लीला सकाळी पाणी येतं तिथे पाण्याच्या वेळेतच जायचं, तेव्हा लोक घरी असतात आणि मीटर चालू आहे का तेही कळतं.

बायकांनी हे काम करावं का, असं अनेकजण विचारतात. ओडिशात सरकारने ‘जलसाथी’ म्हणून बचत गटांतल्या महिलांना मीटर वाचन, बिलवाटप आणि वसुलीचं काम दिलं. पुरी शहरात २०२१ पासून चोवीस तास नळाचं थेट पिण्याजोगं पाणी आहे, त्या व्यवस्थेतही त्या आहेत. दुपारी घरात शिरून मीटर बघायचा असेल तर बाई रीडर असणं किती सोयीचं, हे आपल्याकडच्या अधिकाऱ्यांना अजून नीटसं उमगलेलं नाही.

आता स्वयंचलित मीटर. कराडशेजारच्या मलकापूरने चोवीस तास मीटरने पाणी देऊन दाखवलं, पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत दूरवाचन मीटर बसवले. रस्त्यावरून यंत्र घेऊन चालत गेलं की रेडिओवर आकडे येतात, झाकण उघडावं लागत नाही. त्यामुळे नुसते आकडे टिपणाऱ्यांची गरज कमी होणार, यात शंका नाही. पण रेडिओचा डबा वर बसतो, खाली पंखा तोच. पंखा अडकला तर रेडिओ तोच जुना आकडा इमानेइतबारे पाठवत राहतो. बॅटरी संपते, चेंबर पाण्याने भरतं, लोखंडी झाकणाखालून लहर बाहेर येत नाही, कुणीतरी वर पेव्हर ब्लॉक टाकतं. मग यादी निघते, ‘या मीटरांचा आकडा येत नाही, जाऊन बघा.’ बघायला कोण जाणार? ज्याला चांदणी वाचता येते तो. त्यामुळे भावाने नुसत्या रीडिंगवर थांबू नये. आयटीआयचा प्लंबरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, तो झालेला असेल तर मीटर बदलणं, तपासणीच्या टेबलावर मीटर लावून चूक काढणं, गळती शोधणं या कामांना तो पात्र होतो. ती माणसं आजही सगळ्या शहरांना कमी पडतात.

राहिला कंत्राटाचा प्रश्न, आणि हो म्हणायच्या आधी तोच नीट विचारायला हवा. भविष्य निर्वाह निधीचा खातेक्रमांक मिळणार का, पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड मिळणार का, पगार बँकेत येणार की हातात. कंत्राटदाराने पगार बुडवला तर महापालिकेवरही जबाबदारी येते, म्हणून हजेरीचे आणि कामाचे कागद स्वतःकडे ठेवायचे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कशावर मिळणार? काही ठिकाणी ठरलेला पगार असतो, काही ठिकाणी नगावर, म्हणजे एका रीडिंगला इतके रुपये. नगावर असेल तर ‘घर बंद’ आणि ‘काच धूसर’ या नोंदींचे पैसे मिळतात का, हे स्पष्ट विचारा. मिळत नसतील तर महिनाअखेरीला काय होतं ते मी निरीक्षक असताना वह्या बघून सांगू शकायचो. एका ओळीतल्या दहाही घरांचा वापर २०, २२, २०, २१ असा गुळगुळीत आला की समजायचं, रीडर त्या गल्लीत गेलेलाच नाही, चहाच्या टपरीवर बसून आकडे भरलेत. हल्ली मशीन ठिकाणासकट फोटो मागतं, तरी धूसर काचेचा फोटो टाकून मनातला आकडा लिहिणारे आहेतच. पोरं मुळात लबाड नसतात. तीनदा जाऊन दार बंद सापडतं आणि तिन्ही फेऱ्यांचं पेट्रोल खिशातून जातं, मग चौथ्यांदा कोण जाणार? म्हणून बंद दाराच्या फेरीचे पैसे देणार नाही असं कंत्राटदार म्हणाला, आणि त्यात भाग जुन्या गावठाणातला मिळत असेल, तर भावाला सांगा, दुसरा भाग माग किंवा दुसरं काम बघ.